ऑगस्टिनर अजून विकली गेली नाही, आणि ते एका बाईमुळे

म्युनिकला येऊन आता सहा वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की त्यांना इथली लोवेनब्रॉय बिअर माहीत असते, पाउलानर माहीत असते, ऑगस्टिनर विचारलं की कोरा चेहरा, कारण ही बिअर कंपनी जाहिरातच करत नाही. टीव्हीवर नाही की होर्डिंगवर नाही, आणि तरी इथली माणसं त्या बुटक्या तपकिरी बाटल्यांचे क्रेटच्या क्रेट घरी नेत असतात.

सुरुवात १३२८ची, ऑगस्टिनियन साधूंच्या मठातली. १८०३ साली बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, मठ सरकारजमा झाले त्यात साधूंची ब्रुअरीही (बिअर बनवायचा कारखाना) गेली, मग १८२९ला आंतोन आणि तेरेझं वाग्नर या नवराबायकोने ती विकत घेतली आणि नवरा गेल्यावर तेरेझंबाईंनी ती खंबीरपणे चालवली. पुढे मुलगा योसेफ आला, त्याच्या नावाची आद्याक्षरं आजही लेबलवर आहेत.

पण मला खरं मोठं काम वाटतं ते याच घरातल्या एडिथ हाबरलँड-वाग्नर यांचं. १९९६ला त्या गेल्या आणि त्यांचा निम्म्याहून जास्त हिस्सा कुणा नातेवाईकाला किंवा मोठ्या कंपनीला न जाता ट्रस्टला गेला. म्हणजे नफ्यातला मोठा वाटा समाजकार्याला आणि ब्रुअरी शहरातच राहिली. शेजारच्या लोवेनब्रॉय आणि श्पाटेन कधीच बेल्जियमच्या बलाढ्य कंपनीकडे गेल्या, बिअर तीच असेल हो, पण मालक कुठे बसतो याने फरक पडतो असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या बिअर उत्सवात, २०० लिटरच्या लाकडी पिंपातून बिअर देणारे हेच एकटे उरलेत. लाकडी पिंपं जड, दुरुस्ती सतत, स्टीलची केव्हाही सोयीची. हिशोब दर तिमाहीच्या नफ्याचा असता तर हे पहिलं बंद झालं असतं!

इथे आलात तर स्टेशनजवळच्या ऑगस्टिनर केलर या त्यांच्या बिअर गार्डनला जा, चेस्टनटच्या झाडांखाली. ही झाडं मुळात बिअर साठवायची जमिनीखालची तळघरं गार राहावीत म्हणून लावत. आणि टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर घरचा डबा खुशाल उघडा, कुणी काही म्हणत नाही. १८१२ला बव्हेरियाच्या राजाने ब्रुअरीवाल्यांना तळघरापाशी बिअर विकू दिली पण ब्रेडशिवाय खायला काही विकायचं नाही असं सांगितलं, म्हणून लोक घरून आणायला लागले ते आजतागायत.

गेल्या जूनमध्ये आईला तिथे घेऊन गेलो होतो. ती पीत नाही, तिने लिंबू सरबत घेतलं आणि धपाट्यांचा डबा काढला. तेवढ्यात नवीन पिंप उघडल्याची घंटा वाजली आणि ती दचकली. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी हातवारे करून तिला समजावलं, पिंप, नळ, हातोडा, सगळं. आईने डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी दोन धपाटे घेतले, बरोबर लसणाची चटणीसुद्धा.