आर्मेनियन आणि मलय : बोली कानाने ओळखायच्या

बोलींची तुलना म्हटली की लोक शब्दांच्या याद्या मांडतात. इकडे हा शब्द, तिकडे तो. आर्मेनियन आणि मलयच्या बाबतीत मला ही पद्धत मुळीच पटत नाही. कोणते आवाज एकमेकांत मिसळलेत, ते आधी ऐकावं.

आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथल्या प्रमाण आर्मेनियनमध्ये ब, प, फ तिन्ही वेगळे (फ आपल्या 'फळ'मधला, ओठ मिटून). इस्तंबूलच्या बोलीवर उभ्या असलेल्या पश्चिम आर्मेनियनमध्ये दोनच उरतात. 'प आणि ब यांची अदलाबदल होते' असं सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं. 'प'चं अक्षर तिथे ब वाचतात, पण 'ब'चं अक्षर फ होऊन मूळच्या फ मध्ये मिसळतं. पेत्रोस या नावाचा बेद्रोस होतो. शुद्धलेखनाच्या चुका नेमक्या ब-फच्या जोडीत होतात, कारण कानाला फरकच उरलेला नाही.

क्रियापदात तर अर्थच हुकतो. येरेवानमध्ये 'ग्रुम एम' म्हणजे लिहितो आणि 'कग्रेम' म्हणजे लिहीन. 'कग्रेम'चीच अक्षरं बैरुतचा पश्चिम आर्मेनियन बोलणारा 'ग ख्रेम' अशी वाचतो, आणि त्याच्या लेखी अर्थ असतो 'लिहितो'! भाषाशास्त्रज्ञ ह्राच्या अचार्यान यांनी १९०९ मध्ये वर्तमानकाळाच्या रूपांवरूनच बोलींची वर्गवारी केली. मला ती आजही सगळ्यात कामाची वाटते.

मलयमध्ये शब्दाचा शेवट ऐका. (पुढची जोहोर, केलांतान, त्रेंगानू ही मलेशियाची राज्यं.) 'आपा' (काय) मधला शेवटचा आ जोहोरमध्ये आखडून अ होतो, केलांतानमध्ये ऑ. 'माकान' (खाणे) त्रेंगानूत 'माकाङ', केलांतानमध्ये 'माके'. केलांतानी 'ए'मध्ये आन, आम, आङ असे तिन्ही शेवट बुडतात : इकान (मासा) इके, आयाम (कोंबडी) आये. नुसत्या आवाजावरून मूळ शब्द काढायला गेलात तर हमखास चुकाल. लेखन मात्र सावरून घेतं, लिहिताना सगळे 'माकान'च लिहितात. १९७२ मध्ये मलेशिया आणि इंडोनेशियाने लेखनपद्धतही एकसारखी करून घेतली. आर्मेनियनच्या नशिबी उलटं आलं. १९२२ मध्ये सोव्हिएत आर्मेनियाने लेखन बदललं, १९४० मध्ये त्यातलं थोडं मागे घेतलं. परदेशी विखुरलेले पश्चिम आर्मेनियन जुन्याच पद्धतीने लिहीत राहिले.

केलांतानीला 'मोडकी मलय' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. प्रमाण मलयमध्ये जालान म्हणजे रस्ता, बरजालान म्हणजे चालणे. केलांतानीने 'बर' गाळला, पण त्याची भरपाई पहिलं व्यंजन लांबवून केली : जाले म्हणजे रस्ता, ज्जाले म्हणजे चालणे.