तो खुलासा नव्हता

आज दुपारी टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, "तपासात धक्कादायक खुलासा", आणि बाबांनी रिमोट उचलून टीव्ही बंदच केला. काही बोलले नाहीत. मला मात्र राहवत नाहीये म्हणून लिहितेय.

अहो, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण! ज्याच्यावर आळ आलाय तो खुलासा करतो, साहेब खुलासा मागवतात. दडलेलं बाहेर आलं की ते उघडकीस येतं. हिंदीतला अर्थ उचलायचा, चिकटवायचा, झालं.

एका शब्दाचं काय एवढं? सांगते. बाबा नोकरीत असताना बिलांमधला घोळ त्यांनी स्वतः वर कळवला होता. पेपरात चार ओळींची बातमी आली, मथळा "बिल घोळप्रकरणी लिपिकाचा खुलासा". घोळ यांनी उघड केला, एवढंच लिहायचं होतं हो. पण वाचणाऱ्यांना मराठी येत होतं ना, त्यांनी बरोब्बर मराठी अर्थ घेतला. संध्याकाळी शेजारच्या काकू आईला हळूच विचारतात, "वहिनी, भाऊजींवर काही बालंट आलंय का?" आई हातात चहाचा कप धरून तशीच उभी, आणि मी दारातून बघतेय.

आणि हा एकच शब्द आहे का! "या मुद्द्याला घेऊन विरोधक आक्रमक", अरे मुद्द्यावरून म्हणा की. "जखमींची मदत केली", जखमींना मदत करतात. अँकर लाइव्हमध्ये म्हणते "मी तुम्हाला सांगेल", सांगेन गं बाई, सांगेन! १८३२ साली जांभेकरांनी 'दर्पण' काढलं म्हणून दर ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करता, २०२४ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा दिवसभर चर्चा घेतल्यात, मग बातमी सोडण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघायला काय होतं?

डेडलाइन असते, पट्टी लिहिणाऱ्या पोराला दोन मिनिटं मिळतात, मान्य. खुलासा शब्दही मूळचा अरबी, तेही मान्य. बाहेरच्या शब्दांशी माझं भांडण नाहीच. पण त्या पोराला कुणी सांगतच नसेल तर त्याच्यावर तरी किती चिडायचं, वरच्यांनी बघायला नको?

बाबा तेव्हा त्या पेपरच्या ऑफिसात दोनदा जाऊन आले होते. आठवड्याने आतल्या पानावर छोटी चौकट आली, "संबंधित लिपिकावर कोणताही आरोप नाही". वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, खुलासा. तिथे शब्द बरोबर होता. ते कात्रण बाबांच्या कपाटात अजून आहे.