औषध सकाळी नव्हे, रात्री लावा

‘अंघोळीनंतर लगेच अॅल्युमिनियम क्लोराईडचं लोशन लावावं’ हे अति घाम येण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ओल्या कातडीवर त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि आग होते. मग लोक ‘औषध सोसत नाही’ म्हणून बाटली फेकून देतात. काखेसाठी २० टक्क्यांचं लोशन रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. झोपेत घाम कमी येतो, म्हणून ते ग्रंथींच्या तोंडाशी नीट बसतं. घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरे. काखेतले केस काढले असतील तर दोन दिवस थांबा.

गोळ्यांबद्दल मात्र लेख गप्प आहे, आणि मराठवाड्यात तेच जास्त महत्त्वाचं. ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला त्याने उष्माघात होऊ शकतो. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं हेही होतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. फक्त तळहातांना घाम असेल तर पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं आयन्टोफोरेसिस आधी विचारा. त्याला आपलं बोअरचं जड पाणी चालतं, आरओचं नाही. क्षार नसले की प्रवाह नीट वाहत नाही. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करू नये.