चाळिशीनंतर फार्मसी कशाला? एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

चाळिशीनंतर औषधनिर्माणशास्त्राची पदविका (डी.फार्म.) घेण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर आणि वडीलकीच्या भाषेत प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: चाळिशी ओलांडलेली बाई महाविद्यालयात बसते तेव्हा एका तरुण मुलीची जागा अडवते, या वयात पाठांतर होत नाही आणि चुकीची गोळी गेली तर जीव रोग्याचा जातो, सरकारी नोकरीचे दार बंद असल्यामुळे ही मंडळी शेवटी आपले प्रमाणपत्र एखाद्या दुकानदाराला भाड्याने देऊन घरी बसतात, आणि म्हणून माझ्यासारखीने असे लेख लिहून भाबड्या बायकांना खर्चात पाडू नये. आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात, तेव्हा उत्तरही मुद्द्याला धरूनच द्यायला हवे.

सरकारी नोकरीबाबत आपल्याशी वाद नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याच्या पदाला ही पदविका चालते, पण राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे. चाळिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातील बाईने त्या पदाचा विचारच करू नये, आणि मागास प्रवर्गातील बाईने दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रशिक्षण आणि नोंदणी हे सगळे बोटांवर मोजून पाहावे. माझ्या लेखात हे आकडे दिलेले होतेच.

जागा अडवण्याच्या आरोपाचे मात्र मला नवल वाटले. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत फार्मसीची महाविद्यालये इतकी निघाली आहेत की अनेक ठिकाणी शेवटच्या प्रवेश फेरीनंतरही वर्ग भरत नाहीत. जिथे खरोखर चुरस आहे, त्या शासकीय जागा गुणांवर भरल्या जातात आणि तिथे वीस वर्षांपूर्वीचे बारावीचे गुण घेऊन येणाऱ्या बाईला कोणी वयाकडे पाहून झुकते माप देत नाही. पण समजा, एखाद्या ठिकाणी एकच जागा आहे आणि तिच्यासाठी एक अठरा वर्षांची मुलगी व एक चाळिशीची बाई उभी आहे. आपण म्हणता, मुलीसमोर चाळीस वर्षांची सेवा आहे, बाईसमोर वीसच. हिशेब बरोबर आहे, पण ती चाळीस वर्षे कुठे जातील, हे त्यात धरलेले नाही. आपल्याकडची शिकलेली मुले पुण्याला जातात, मुंबईला जातात, नांदेड-लातूरकडची हैदराबादला जातात. त्यांनी जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यांना तिथे पगार मिळतो. राहते कोण, तर जिचे घर, शेत, सासू-सासरे आणि मुलांची शाळा याच तालुक्यात आहे ती. तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, हा सपाट प्रदेशासाठीचा सरकारी निकष आहे. तो कागदावर पूर्ण झाला तरी रात्री आठ वाजता ताप आलेल्या लेकराला घेऊन माणूस येतो तो बाजारपेठेतल्या औषध दुकानातच. त्या गल्ल्यामागे पुढची वीस वर्षे तेच ओळखीचे, प्रशिक्षित माणूस असणे ही माझ्या मते तालुक्याच्या गावाची मोठी गरज आहे, आणि ती गरज भागवण्याची शक्यता तरुणांपेक्षा मध्यमवयीनांकडून अधिक आहे. माझ्या साऱ्या लिहिण्यामागे एवढा एकच मुद्दा आहे. बाकीचे तपशील आहेत.

आता पाठांतर. ते हळू होते, हे खरे. मराठी माध्यमातून बारावी केलेल्या आणि नंतर विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे मराठीच शिकवलेल्या बाईला इंग्रजीतले शरीरशास्त्र आणि औषधी रसायनशास्त्र जड जाते. माझ्या वर्गातल्या मुली जे एका बैठकीत पाठ करीत, त्याला मला पहाटेचे दोन-तीन फेरे लागत. परंतु औषध पाठांतरावर द्यायचेच नसते. चिठ्ठी वाचायची, पट्टीवरचे नाव आणि मात्रा वाचायची, मुदत पाहायची, पुन्हा चिठ्ठीशी ताडायची, हे पहिल्यापासून शिकवले जाते, आणि स्वतःच्या स्मरणशक्तीवर फार विश्वास असलेला माणूसच या कामात अधिक धोकादायक असतो.

शिवाय गल्ल्यावर खरी अडचण नावांची नसते. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ वृद्धांना चिठ्ठी वाचता येत नाही. ते गोळी रंगावरून आणि पाकिटावरून ओळखतात. कंपनी बदलली की तेच औषध वेगळ्या पाकिटात येते, मग जुनीही घेतली जाते आणि नवीही. ग्लिमेपिराइड हे मधुमेहावरचे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, म्हणून ते दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायचे असते; ते घेऊन उपाशी राहिले तर रक्तातली साखर इतकी उतरू शकते की माणूस घाम फुटून भोवळ येऊन पडतो. हे पुस्तकात आहे. पण समोरच्या मावशींना "उद्या एकादशी धरता का? निर्जळी की फराळाची?" असे विचारावे लागते, हे कोणत्या पेपरात येते? रोजे धरणाऱ्या चाचांना रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यायला सांगावे लागते, कारण मात्रा बदलणे हे माझे काम नाही आणि गप्प बसणे हेही नाही. "व्हय बाई, पण उपासाला गोळी चालती का?" हा प्रश्न पुरुष दुकानदाराला विचारायला लाजणाऱ्या बायका मला विचारतात. ज्या बाईने घरात सासूची औषधे सांभाळली आहेत, तिला हे प्रश्न सुचतात. वीस वर्षांच्या मुलीलाही सुचतील, पण काही वर्षांनी.

इन्शुलिनचेही तसेच. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी, हे सर्वांना पाठ असते. पण चाळिसाच्या वर पारा असताना एस.टी.ने गावी जाणाऱ्या आणि घरी फ्रीज नसलेल्या माणसाला काय सांगायचे? एका वेळी एकच कुपी न्या, वाटेत उन्हात ठेवू नका, घरी गाडग्यात ओल्या वाळूवर सावलीत ठेवा, फ्रीज असलाच तर बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नका. गोठलेले इन्शुलिन वितळवून वापरायचे नसते.

प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा मुद्दा आपण काढलात, तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी मूळ लेखात पुरेसे लिहिले नव्हते, कारण विषय प्रवेशाचा होता. हा प्रकार सर्रास चालतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करून द्यायचे असते. तरीही भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दहावी नापास पुतण्या, अशी दुकाने आपण आणि मी दोघांनीही पाहिली आहेत. पण ज्यांची प्रमाणपत्रे अशी टांगलेली असतात, ते बहुतेक कोण असतात? पदविका घेऊन दुसरीकडे नोकरीला गेलेले तरुण. ज्याला दुकानात उभे राहायचे नाही तो भाडे घेतो. त्याचा वयाशी संबंध जोडायचाच असेल तर तो आपल्या म्हणण्याच्या उलट जोडावा लागेल. मध्यमवयात शिकलेली बाई बहुधा स्वतःचेच दुकान काढते किंवा एखाद्या रुग्णालयाच्या औषध विभागात उभी राहते. किरकोळ औषध दुकानाच्या परवान्याला किमान दहा चौरस मीटर जागा, फ्रीज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. त्या फार्मासिस्टला वयाची कमाल अट नाही. आणि ती स्वतः हजर असली की 'एच-वन' या कडक नोंदीच्या औषध-यादीतल्या प्रतिजैविकांची वेगळी नोंदवही, जी २०१४ पासून सक्तीची आहे आणि तीन वर्षे जपायची असते, ती महिनाअखेरीस एका बैठकीत रंगवली जात नाही.

राहिला भाबड्या बायकांचा प्रश्न. त्यांना कोणी फसवू नये, ही आपली काळजी मलाही आहे, म्हणून कोणती दारे कोणाला उघडी आहेत ते स्पष्ट लिहिते. नर्सिंगची जी.एन.एम. पदविका बारावीच्या कोणत्याही शाखेवर करता येते, पण तिथे कमाल वय ३५ आहे, आधीच ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका) असलेल्यांना ही वयाची अट नाही. मी चौकशीला गेले तेव्हा माझ्यासाठी ते दार बंद झालेले होते. एम.बी.बी.एस.च्या प्रवेश परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली, तरी साडेचार वर्षे आणि वर्षभराची आंतरवासिता हे गणित चाळिशीत फार थोड्यांना जमेल. डी.फार्म.ला वयाची कमाल अट नाही, परंतु बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन झालेली हवी. कला शाखेच्या बाईला तिथे थेट प्रवेश नाही, मग एजंट काहीही सांगो. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हजेरी ७५ टक्के, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींना वेगवेगळी. दोन वर्षांनंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. शिवाय २०२२ च्या विनियमांनी नोंदणीपूर्वी तीन पेपरांची एक्झिट परीक्षा आणली आहे.

'घरबसल्या डी.फार्म., हजेरीची चिंता नको' अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. हा अभ्यासक्रम घरबसल्या होत नाही. तसे सांगणाऱ्या संस्थेचे नाव फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या त्या वर्षीच्या मान्यता यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणी एक रुपयाही भरू नये. आणि यादीत नाव सापडले, तरी दोन वर्षे रोज सकाळी घराबाहेर पडायला घरची माणसे तयार नसतील, तर त्या बाईने तूर्त प्रवेश घेऊ नये, असेच मी तिला सांगेन.