‘ग्लू टाका, साइट सुरू होईल’: अर्धवट सल्ल्याला उत्तर

वेबसाइट सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. त्याचा मथितार्थ असा: डोमेन डॉट कॉम असो की डॉट इन, नेमसर्व्हरचा (डोमेनचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचा) आयपी, म्हणजे अंकी पत्ता, रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) ग्लू म्हणून नोंदवल्याशिवाय डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची यंत्रणा, चालत नाही; सर्व्हर हलवला की तेवढा ग्लू बदलायचा, लगेच सगळीकडे लागू होतो; आणि ग्लूमधला पत्ता हाच अधिकृत पत्ता.

‘प्रत्येक डोमेनला ग्लू लागतो.’ नाही लागत. आधी तो कधी लागतो ते बघू. समजा उदाहरण.कॉम या डोमेनचा नेमसर्व्हर एनएस१.उदाहरण.कॉम आहे. रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर, डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारतो, उदाहरण.कॉमची माहिती कोणाकडे? उत्तर येतं, एनएस१.उदाहरण.कॉमकडे. त्याचा पत्ता? तो उदाहरण.कॉमलाच माहीत. म्हणजे रामभाऊंचं घर कुठे विचारावं, तर ‘रामभाऊंच्या घरी जा, ते सांगतील’! हा फेरा तोडायला डॉट कॉमचे सर्व्हर नावासोबत आयपीही देतात. तोच ग्लू. नेमसर्व्हरचं नाव त्याच डोमेनच्या पोटात असेल तेव्हा तो अनिवार्य. २०२३ च्या आरएफसी ९४७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तर स्पष्टच केलं की असा ग्लू उत्तरात मावत नसेल, तर उत्तर अपुरं असल्याची खूण करायची, म्हणजे रिझॉल्व्हर टीसीपीवरून, म्हणजे मोठं उत्तरही मावेल अशा पद्धतीने, पुन्हा विचारील.

‘डॉट कॉम काय, डॉट इन काय, नियम तोच.’ गुगल.को.इन घ्या. त्याचे नेमसर्व्हर एनएस१.गुगल.कॉम आणि त्याची भावंडं. डॉट इनचे सर्व्हर फक्त नावं सांगतात; डॉट कॉममधल्या यंत्राचा पत्ता सांगणं हे त्यांचं कामच नाही. रिझॉल्व्हर मुकाट्याने डॉट कॉमकडे जातो आणि तिथे गुगल.कॉमचा ग्लू त्याला मिळतो. इथे रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये आयपीचा रकाना रिकामा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा रजिस्ट्री, म्हणजे डॉट इन किंवा डॉट कॉमची नोंदवही सांभाळणारी संस्था, तिथे आयपी घेतच नाही.

गोंधळ होतो तो मधल्या प्रकाराने. विकिपीडिया.ऑर्गचे नेमसर्व्हर एनएस०.विकिमीडिया.ऑर्ग अशा नावाचे आहेत. डोमेन वेगळं, पण दोन्ही डॉट ऑर्गखाली. अशा शेजाऱ्याचा पत्ता रजिस्ट्रीकडे असतो, म्हणून तिचे सर्व्हर तो सोबत देऊ शकतात. पण ती सोय आहे, सक्ती नाही. डॉट कॉम आणि डॉट नेट तर एकाच सर्व्हरसंचावर चालतात, त्यामुळे तिथे परक्या टीएलडीचा (नावाच्या शेवटच्या भागाचा, जसं डॉट नेट) ग्लूही उत्तरात दिसू शकतो. डिग या डीएनएसला प्रश्न विचारायच्या साधनात तो पाहून ‘बघा, सगळ्यांना असतो’ असा निष्कर्ष कोणी काढला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

‘ग्लू बदलला की लगेच लागू.’ इथे मी स्वतः पोळलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो. माझ्या एका डोमेनचे दोन्ही नेमसर्व्हर नव्या यंत्रावर नेले, झोनमधले (डोमेनच्या स्वतःच्या नोंदींमधले) ए रेकॉर्ड, म्हणजे नाव आणि आयपीच्या नोंदी, बदलले आणि ग्लू विसरलो. त्याच दिवशी जुनं यंत्र बंद केलं. काही जणांना साइट दिसे, काहींना नाही. कारण पत्ता दोन ठिकाणी नोंदलेला असतो: रजिस्ट्रीत ग्लू म्हणून आणि स्वतःच्या झोनमध्ये. ज्या रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) नवा पत्ता होता, ते चालले. ज्यांना डॉट कॉमपासून सुरुवात करावी लागली, ते बंद यंत्राच्या दारावर जाऊन थांबले. मग ग्लू बदलला, तरी डॉट कॉममधल्या ग्लूचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस. तेव्हापासून दोन्ही नोंदी बदलून झाल्यावरही जुनं यंत्र निदान तेवढे दिवस चालू ठेवतो.

‘ग्लू अधिकृत असतो.’ उलट आहे. १९९७ च्या आरएफसी २१८१ मध्ये विश्वासार्हतेच्या क्रमात ग्लू अगदी खालच्या पायरीवर आहे, आणि डीएनएसएसईसी या डिजिटल सहीने उत्तरं पडताळायच्या व्यवस्थेतही त्याच्यावर सही नसते. झोनचं स्वतःचं उत्तर मिळालं की रिझॉल्व्हरने त्याला झुकतं माप द्यायचं.

साइट उघडत नसेल तर आधी डॉट कॉमच्या एखाद्या सर्व्हरलाच डिगने थेट विचारा, आणि तिथे आलेला आयपी झोनमधल्या ए रेकॉर्डशी ताडून पाहा. आयपी आलाच नाही, तर नेमसर्व्हरचं नाव कुठल्या डोमेनखाली आहे ते बघा. आपल्याच डोमेनखाली असेल तरच ग्लू टाका.