‘घरी आणा आणि खाऊ घाला’ या सल्ल्याला उत्तर

गेल्या काही दिवसांत एक लांबलचक संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होता, आणि शेवटी कोणीतरी तो थेट माझ्या मावसबहिणीलाच पाठवला. तिची एकोणीस वर्षांची मुलगी सध्या अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका निवासी उपचार केंद्रात आहे. तिला अनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणेच जवळजवळ थांबवणारा मानसिक आजार. संदेशाचा सारांश असा: हा पाश्चात्त्य श्रीमंत मुलींचा आजार असून आपल्याकडे तो कधी नव्हताच; न खाणे हा निव्वळ हट्ट असतो; निवासी केंद्रे म्हणजे लुटीची दुकाने, त्यापेक्षा मुलीला घरी आणून तूप-भात आणि डिंकाचे लाडू भरपूर खाऊ घातले की पंधरा दिवसांत ती उभी राहते; आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या उपवास करत आल्या, त्यांना काही झाले नाही; आणि लग्न लावून दिले की उरलेसुरले दुखणेही जाते. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण तो वाचून बहिणीने मला “खरंच आणू का गं तिला घरी?” असे विचारले, तेव्हा गप्प बसणे मला शक्य राहिले नाही.

क्रम सोडून मी आधी तूप-भाताचाच मुद्दा घेते, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हा जीवघेणा आहे. कित्येक आठवडे उपाशी राहिलेले शरीर साखरेवर चालणे सोडून स्वतःची चरबी आणि स्नायू जाळू लागते. या काळात पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा संपत आलेला असतो, मात्र रक्ततपासणीत त्यांचे प्रमाण पुष्कळदा ठीक दिसते, त्यामुळे घरच्यांना खोटा धीर येतो. अशा मुलीच्या पोटात एकदम भात, गूळ, साखर गेली की इन्सुलिन उसळते आणि रक्तात उरलेले थोडेसे फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जाते. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, झटके येतात, भ्रम होतो. थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर मेंदूलाही इजा होते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर उपाशी युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी तो पाहिला: सुटका झाली, अन्न मिळाले, आणि अन्न मिळाल्यानंतर माणसे दगावली.

म्हणूनच ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यसंस्थेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पाच दिवसांहून अधिक काळ फार थोडे किंवा काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक पोषण देऊ नये. याची दुसरी बाजूही आहे. तिथल्याच रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने 2022 मध्ये बजावले की भीतीपोटी फार काळ कमी अन्न देत राहणेही रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणजे किती द्यायचे, कधी वाढवायचे, हे रोजची रक्ततपासणी, नाडी आणि ईसीजी पाहून ठरवायचे असते. हे काम स्वयंपाकघरात होत नाही, मग आईचा हात कितीही सुगरण असो. ज्याने कोणी हा संदेश मुळात लिहिला, त्याने ‘भरपूर’ हा शब्द लिहिताना क्षणभर तरी थांबायला हवे होते.

आता हट्टाविषयी. या आरोपाला सर्वांत भक्कम उत्तर मुलींवरच्या अभ्यासातून नव्हे, तर पुरुषांवरच्या एका प्रयोगातून मिळते. नोव्हेंबर 1944 ते डिसेंबर 1945 या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी उपासमारीचे परिणाम तपासायला 36 तरुणांना निवडले. शस्त्र हाती घ्यायला तत्त्वतः नकार दिलेले हे स्वयंसेवक शरीराने आणि मनाने धडधाकट होते. त्यांना 24 आठवडे बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी अशा जेवणावर अर्धपोटी ठेवले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. त्यानंतर जे दिसले, ते अनोरेक्सियाच्या रुग्णाच्या कोणत्याही आईला ओळखीचे वाटेल. ते दिवसरात्र फक्त अन्नाचा विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक घास चघळत जेवण दोन-दोन तास लांबवू लागले, ताटे चाटू लागले. त्यांना सतत थंडी वाजे, ते माणसांत मिसळेनासे झाले, चिडचिडे आणि खिन्न झाले. एकाने कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची तीन बोटे तोडली. प्रयोग संपून अन्न मिळू लागल्यावरही मने लगेच ताळ्यावर आली नाहीत. काहींची भूक महिनोन्महिने भागेना.

या तरुणांना बारीक व्हायचे नव्हते, आरशाची भीती नव्हती, कोणाशी हट्ट करायचा नव्हता. ज्या वागण्याला आपण मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातला मोठा भाग उपासमारीने मेंदूवर केलेला परिणाम असतो, आणि म्हणून आधी वजन सावरल्याशिवाय समजावणे, रागावणे, शपथा घालणे यांचा उपयोग होत नाही. अनोरेक्सियात याच्या जोडीला वजनाची अशी भीती असते की भूक कितीही लागली तरी घास घशाखाली उतरत नाही. 36 अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार या आजाराच्या दर हजार रुग्णांपैकी वर्षाला सुमारे पाच जण मरण पावतात, आणि त्यांतला दर पाचवा मृत्यू आत्महत्येने होतो. हट्टाने माणसे अशी मरत नाहीत.

पाश्चात्त्य श्रीमंतांचा आजार, हा मुद्दा थोडक्यात संपवते. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी या आजाराची वर्णने 1873 च्या सुमारास केली, म्हणजे इन्स्टाग्राम आणि मॉडेलिंग यांच्या कितीतरी आधी. 2019 मध्ये सुमारे 17 हजार रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासात अनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध चयापचयाशीही निघाला. भारतात तो नाही म्हणणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञांची 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आहे: त्यांतल्या दोन तृतीयांश डॉक्टरांनी खाण्याच्या विकाराचा किमान एक रुग्ण पाहिला होता. आपल्याकडच्या अनेक मुली ‘जाड होईन’ असे म्हणतच नाहीत. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘खाल्लं की दुखतं’ असे सांगतात, आणि त्यांना पोटाच्या डॉक्टरकडे नेले जाते.

उपवासाच्या मुद्द्याने मला खरोखर संताप आला. एकादशी करणारी बाई दुसऱ्या दिवशी पारणे करते आणि निवांत जेवते. या आजारात ते जेवणच अशक्य होते. उलट ज्या घरात संकष्टी, गुरुवार, चातुर्मास पाळणाऱ्या मुलीचे कौतुक होते, तिथे आजाराला लपायला आयती जागा मिळते, आणि मासिक पाळी थांबेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

निवासी केंद्रांविषयी मात्र मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे रेनफ्रू सेंटर 1985 मध्ये सुरू झाले आणि पुढे अशी केंद्रे वाढत गेली. त्यांतली बरीच आज खासगी गुंतवणूक कंपन्यांच्या हाती आहेत. खर्च प्रचंड असतो आणि विमा कंपनीशी दर आठवड्याला भांडावे लागते. जास्त दिवस राहिले म्हणजे जास्त बरे वाटते, असेही सिद्ध झालेले नाही. जर्मनीत 172 मुलींवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन आठवडे रुग्णालयात ठेवून पुढे दिवसापुरते उपचार घेणाऱ्या मुली सतत दाखल राहिलेल्या मुलींपेक्षा मागे पडल्या नाहीत. घरच्यांच्या मदतीने होणारा उपचारही खरा आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या 1987 च्या अभ्यासात त्याचा सर्वाधिक फायदा झाला तो आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी जुन्या असलेल्या मुलींना. पण त्या उपचारात आईवडील थेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्येक जेवण ठरवतात, शेजारी बसून ते संपवायला लावतात आणि वजन-नाडी नियमित तपासून घेतात. संदेशातल्या लाडवांशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या भाचीचा आजार तीन वर्षांहून जुना आहे, आणि दाखल केले तेव्हा तिची नाडी मिनिटाला चाळिसाच्या आसपास होती.

तिथे नेमके काय चालते, हे बहिणीने भेटीच्या दिवशी पाहिले. दुपारी ताटात सँडविच, सफरचंद आणि दुधाचा पेला होता. टेबलाशी एक कर्मचारी बाई मुलींच्या सोबतीने तेच जेवत होत्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या. अन्न लपवता येऊ नये म्हणून बाह्या कोपरापर्यंत वर, रुमाल टेबलावर सर्वांना दिसेल असा, पावाच्या कडा तोडून बाजूला ठेवायला मनाई आणि जेवायला अर्धा तास. त्यानंतर तासभर कोणालाही एकटीने स्वच्छतागृहात जाता येत नाही, म्हणजे उलटी काढता येत नाही. सकाळी वजन करताना मुलीला काट्याकडे पाठ करून उभे करतात, म्हणजे आकडा फक्त नर्सला दिसतो. भाचीला अर्धे सँडविच संपवायला वीस मिनिटे लागली आणि ती सगळा वेळ रडत होती, पण तिने ते संपवले. घरी आई समोर बसली की तिला हे दोन वर्षांत जमले नव्हते, आणि यात आईचा काही दोष नाही.

लग्नाच्या सल्ल्यावर फार लिहिण्याची गरज नाही. पाळी बंद असलेल्या, हाडे ठिसूळ होत चाललेल्या मुलीला संसार आणि बाळंतपण यांत ढकलणे हा गुन्हा आहे.

आपल्याकडे अशी केंद्रे फार थोडी आहेत, पण मनोविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन एकत्र काम करतील अशी सोय मोठ्या रुग्णालयांत करता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 प्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे लागते; नकार मिळाला तर हे कलम दाखवावे. मुलगी चक्कर येऊन पडत असेल, नाडी मंद असेल किंवा ती वारंवार उलट्या काढत असेल, तर वजन ठीक दिसले तरी त्याच दिवशी पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि ईसीजी करून घ्यावा, कारण बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलट्या काढण्याच्या आजारात, वजन बहुधा नेहमीसारखेच असते आणि पोटॅशियम घसरून हृदय थांबू शकते.

बहिणीने मुलीला घरी आणलेले नाही. नातेवाइकांसाठी केंद्राने लिहून दिलेल्या सूचना तिने आता गटावर टाकल्या आहेत: फोनवर वजनाचा, दिसण्याचा आणि ‘आज काय खाल्लंस’ हा विषय काढायचा नाही, आणि ‘आता तब्येत छान झाली हं’ असे तर मुळीच म्हणायचे नाही.