पोर्तुगीज क्रियापदांचे शेवट ‘कसेही लिहिले तरी चालतात’ काय?

पोर्तुगीज शिकू लागलेल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे की, ही भाषा लिहितात तशीच बोलतात. तृतीयपुरुषी अनेकवचनाचे ‘ए-एम’ (am) आणि ‘ए-ओ’ (ão) हे दोन शेवट सारखेच उच्चारले जात असल्याने त्यांतला कोणताही लिहावा. आणि उरलासुरला घोळ 1990 च्या लेखनकराराने, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांनी लेखन एकसारखे करण्यासाठी केलेल्या कराराने, मिटवला आहे.

पहिल्या विधानात अर्धे तथ्य आहे. इंग्रजीच्या मानाने पोर्तुगीज लेखन बरेच नियमबद्ध आहे. पण म्हणून अक्षराला अक्षर जुळते असे नाही. पैसे देणे या अर्थाचे ‘पगार’ हे क्रियापद घ्या (आपला महिन्याचा पगार त्याच्याच घरचा). ‘मी देतो’ या रूपाच्या शेवटी ‘ओ’ लिहितात, उच्चारतात मात्र ‘पागु’. ब्राझीलमध्ये तर रोजच्या बोलण्यात मूळ रूपाचा अंत्य ‘र’ बहुधा गळतो आणि ‘पगा’ एवढेच कानी पडते.

खरी गफलत दुसऱ्या विधानात आहे. ‘त्यांनी दिले’ या रूपाच्या शेवटी ए-एम येतो. ‘ते देतील’ याच्या शेवटी ए-ओ येतो आणि त्यातल्या ए-वर ‘तिल’ हे नागमोडी चिन्ह असते. दोन्हींचा शेवट नाकातून काढलेला ‘आँव’ असाच होतो, इथवर मजकूर बरोबर आहे. पण पोर्तुगालमध्ये पहिले रूप ‘पगाराँव’, जोर ‘गा’वर, दुसरे ‘पगराँव’, जोर ‘राँव’वर, आणि जोर सरकताच मागचा ‘गा’ आखडून ‘ग’ होतो. म्हणजे इथे लेखन आघाताची जागाच सांगत असते. नामांमध्ये निराघात ए-ओ आढळतो, उदाहरणार्थ अवयव या अर्थाच्या ‘ऑर्गाँव’मध्ये, परंतु तिथे आधीच्या स्वरावर आघातचिन्ह देऊन वाचकाला सावध केलेले असते. 19 व्या शतकातील लेखनात भूतकाळही पुष्कळदा ए-ओ नेच लिहिलेला दिसतो. त्या काळचे गोव्यातील पोर्तुगीज कागद वाचताना पैसे दिले की द्यायचे आहेत, हे अशा वेळी संदर्भावरूनच ठरवावे लागते. आजच्या लेखनाने दूर केलेली ही अडचण हा मजकूर पुन्हा ओढवून घ्यायला सांगतो! ब्राझीलमध्ये हे दोन शेवट लिहिताना अनेकांची गल्लत होते हे खरे, पण ती तिथेही चूकच धरतात.

राहिला 1990 चा करार. तो लेखनाचा आहे, उच्चाराचा नव्हे. ‘आम्ही देतो’ आणि ‘आम्ही दिले’ यांचे लिस्बनमध्ये अनुक्रमे ‘पगमुश’ आणि ‘पगामुश’ होते, आणि दुसऱ्यातल्या उघड्या ‘आ’वर आघातचिन्ह देतात, ब्राझीलमध्ये दोन्ही रूपे एकसारखी उच्चारतात आणि चिन्हही देत नाहीत. कराराने हे चिन्ह ऐच्छिक ठरवले, तेही उच्चार ठिकठिकाणी वेगळा आहे हे कारण देऊन. तेव्हा पोर्तुगालची पद्धत शिकणाऱ्याने ते द्यावे, ब्राझीलची शिकणाऱ्याने वगळावे.